कमलचा ट्रॅक्टर काऊन उठत नव्हता

यातला एक शबुद खरा मानून दाखव, पोरी! नाई मानशील. मले ठाऊक हाये. पण आमच्या संत्र्याच्या बगीच्यात थो छोटा ट्रॅक्टर आला, अन् किस्से असे साचत गेले का आता पोटात मावत नाईत.

* * *

ट्रॅक्टर घेतला माह्या देरानं. पण सीटवर बसली कोण? त्याची बायको कमल, माही धाकटी जाऊ! पदर खोचला, गॉगल लावला, अन् अर्धं गाव मोबाईलवर फोटो काढून राह्यलं. मी कुठं? बाजूले, आरतीचं ताट घेऊन! हाताले मुंग्या आल्या, पण एकानंबी म्हणलं नाई, "बाई, तुमी बी बसा."

मले एकडाव त्या सीटवर बसाचं होतं. बस, इतकंच.

* * *

दुसऱ्या दिवशी कमलनं चावी फिरवली तं ट्रॅक्टर मुका! जळगाव जामोदहून मिस्त्री आला. त्यानं काईच खोललं नाई. क्लचवर पाय ठेवला, चावी फिरवली. भुर्रर्र!

"वैनी, क्लच दाबल्याबिगर हा उठत नाई. तसा स्विचच हाये त्याले."

म्या म्हणलं, "पाय दाबल्याबिगर उठत नाई? मंग आमच्या बुढ्यावानीच हाये!"

* * *

तवापासून मले थो बंद पाडाचा नादच लागला. एका सकाळी बॅटरीवरचा नट उलीसा ढिला केला अन् तुळशीपाशी जाऊन उभी राह्यली. कमलनं चावी फिरवली. टक! पुन्हा फिरवली. टक! मी आतून अशी खुश!

तं त्या बाईनं बॉनेट उघडलं, वायर हलवून पाह्यली, नट आवळला, अन् चालू.

दीर म्हणे, "वा! मिस्त्रीचा फेरा वाचवला!"

नट ढिला केला म्या, अन् नाव झालं तिचं!

* * *

मंग म्या फ्यूज काढला अन् कमरेच्या पिशवीत टाकला, सुपारीसंग. आता पाहू म्हणलं!

कमलनं एक बल्ब घेतला, त्याले दोन वायरी. इथं टेकव, तिथं टेकव. बल्ब कुठलोक पेटते, कुठून पेटत नाई, असं पाहत पाहत थे बराबर फ्यूजच्या रिकाम्या जागेपाशी पोचली. नवा आणला, बसवला.

जुना? थो म्या संध्याकाळी सुपारी समजून चावला! दाढ गेली ना वं!

* * *

मंग काय, आजूबाजूच्या वावरातून फोन. "कमलवैनी, आमचा बी उठत नाई, येता का?" बचत गटाच्या बायांनी तिचा सत्कार ठेवला. शाल कोणाच्या हातून? घरातल्या मोठ्या बाईच्या हातून!

शाल टाकता टाकता म्या तिच्या कानात म्हणलं, "लय माजू नको वं."

थे म्हणे, "बाई, तुमी नसत्या तं मी काईच शिकली नसती." अन् माह्याकडे पाहून अशी हसली का तोंडातला पेढा तोंडातच राह्यला!

* * *

मंग एक डाव कमल शेगावले दर्शनाले गेली, अन् इकडे ट्रॅक्टर खराच बंद पडला. देवाशप्पथ, या खेपी म्या हात लावला नव्हता!

देरानं चावी फिरवून फिरवून अंगठा लाल केला. म्हणे, "राहू द्या. कमलशिवाय कोणाले जमते?"

हे मले झोंबलं! म्या म्हणलं, "भाऊजी, बल्ब आणा!"

बॅटरी ठीक. फ्यूज जागेवर. मंग खाली वाकून पाह्यलं, तं काळी जाड वायर जिथं बॉडीले कसते, तिथं सारा जंग! विळ्यानं खरवडला, नट आवळला, अन् सीटवर मीच चढली. क्लच दाबला, चावी फिरवली.

भुर्रर्र!

"वैनी, उतरा आता," दीर म्हणे.

म्या गिअर टाकला.

तेवढ्यात वावराच्या धुऱ्यावर, बांधापाशी, ऑटो थांबला. कमल उतरली, मले पाह्यलं, अन् प्रसादाची पिशवी घेऊन धावत सुटली. "बाई! थो चावीनं बंद नाई होत! लाल दांडी ओढा! लाल!"

लाल दांडी माह्या गुडघ्यापाशीच होती. म्या तिच्यावर पदर टाकला, अन् संत्र्याच्या दुसऱ्या ओळीत वळली.

जाय आता!