तीनशे सत्तर पिना

बारावी झाल्यावर मी शिरूरला टायपिंग शिकायला जाऊ लागले आणि दोन परीक्षा पास झाल्यावर तिथंच शिकवायला राहिले. आमचं घर तळेगाव ढमढेरेच्या पुढं एका वाडीत. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप, असं करत मी नवाच्या बॅचला पोचायची.

इन्स्टिट्यूट चालवणारे सर तेव्हा पंचावन्नच्या आसपास होते. त्यांच्याकडं बारा टाइपरायटर होते आणि बाराही ते स्वतः दुरुस्त करत. एका मशिनची स्प्रिंग दुसऱ्याला, दुसऱ्याचा रोलर तिसऱ्याला, असं फिरवून त्यांनी कुठलंच मशिन कधी बंद पडू दिलं नाही. भाग बसला की तो चालणारच, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव.

दोन हजार सालाच्या आगेमागे टायपिंगची मुलं रोडावली, तशी सरांनी एक कॉम्प्युटर घेतला. दोनेक वर्षांत तो इतका रेंगाळायला लागला की मराठी फॉन्टचं एक पान उघडेपर्यंत मुली वेणी सोडून परत घालायच्या. आख्खा नवा घेणं सरांना पटत नव्हतं. आतला प्रोसेसर तेवढा बदला, म्हणजे काम होईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. सरांनी कॅबिनेट उघडलं, प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो त्या सॉकेटवर छापलेला आकडा वाचला आणि एसटीडी बूथवरून पुण्याच्या दुकानाला फोन लावला. तीनशे सत्तर पिनांचा, सगळ्यात वेगवान असेल तो प्रोसेसर ठेवा, म्हणाले. शनिवारी जाऊन घेऊनही आले.

बिस्किटाएवढा चौकोन, खाली सोनेरी पिनांची दाटी. आम्ही दोघांनी आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, कारण अंगातली वीज अशा वस्तूंना मारते असं सरांनी कुठंतरी वाचलं होतं. मग त्यांनी सॉकेटची दांडी वर केली, जुना प्रोसेसर काढला आणि कोपऱ्याची खूण जुळवून नवा ठेवला. दाबावंसुद्धा लागलं नाही.

"बसला," सर म्हणाले.

वर पांढरी पेस्ट लावली. पंख्याची क्लिप फार ताठ होती. ती लावताना स्क्रू ड्रायव्हर निसटला तर सगळे भाग जोडलेल्या मदरबोर्डावर ओरखडा जातो, पण सरांचा हात बारीक कामात मुरलेला होता. क्लिप बसली. त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडदा मात्र काळाच राहिला. सुरू होताना नेहमी वाजणारी एक छोटी शिट्टीही वाजली नाही.

सरांनी बंद करून परत चालू केला. पुन्हा तेच. मला वाटलं, बोर्ड जळाला. सर खुर्चीत बसले आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढं धरून म्हणाले, "जुना परत लाव. माझा हात आता नको."

मी आयुष्यात पहिल्यांदा प्रोसेसर बसवला तो असा. बटण दाबलं आणि शिट्टी वाजली. पडद्यावर नेहमीची अक्षरं हळूहळू उतरायला लागली. त्या रेंगाळण्याचा मला एरवी राग यायचा, त्या दिवशी आला नाही.

"बोर्ड जिवंत हाय," सर म्हणाले. अडचणीत ते शाळेतली भाषा सोडून घरच्या भाषेत यायचे. "म्हंजी दोष माझ्या अकलेत हाय. सोमवारी जाऊ पुण्याला."

बुधवार पेठेतल्या त्या दुकानात काउंटरमागं एक बाई बोर्ड तपासत बसल्या होत्या. त्यांनी आमचा प्रोसेसर त्यांच्या टेबलावरच्या बोर्डात घातला. लगेच चालला.

"याला काहीच झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या बोर्डाचा नंबर काय?"

"तीनशे सत्तर," सर म्हणाले.

"तो सॉकेटचा झाला. बोर्डाचा वेगळा असतो, त्याच्या काठाला छापलेला. पुस्तिका आणलीय?"

पुस्तिका मी पिशवीत टाकली होती. तिचं प्लास्टिकसुद्धा कुणी फाडलं नव्हतं. बाईंनी ते फाडलं, पानं चाळली आणि एका यादीवर बोट ठेवलं. "हे बघा. तुमच्या बोर्डाला इथपर्यंतचे प्रोसेसर चालतात. तुम्ही नेला तो यांच्या पुढच्या घडणीचा आहे. पिना तेवढ्याच आहेत, पण त्याला व्होल्टेज कमी लागतं आणि काही पिनांची कामंही बदललीत. बसतो, पण चालत नाही."

सरांनी चष्मा पुसून ती यादी दोनदा वाचली. "तीस वर्षं मी इंग्रजी टाइप करतोय," ते म्हणाले, "आणि एवढं एक पान वाचलं नाही."

बाई हसल्या. त्यांनी तो प्रोसेसर परत घेतला आणि यादीतला एक काढून दिला. त्याचा वेग पहिल्यापेक्षा कमी होता. सरांनी एकदा त्या आकड्याकडं पाहिलं, एकदा यादीकडं, आणि डबी खिशात घातली. परतीच्या एसटीत त्यांनी ती पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. शिक्रापूर येईपर्यंत त्यांची मान वर झाली नव्हती.

संध्याकाळच्या आत कॉम्प्युटर सुरू झाला. मराठीचं पान चटकन उघडलं. एक मुलगी म्हणाली, "सर, आता येणी कवा घालायची?" सर खूप वेळ हसत होते.

त्यानंतर त्यांना नादच लागला. पुण्याला गेले की ते त्या बाईंकडं तासभर बसायचे आणि कुठल्या बोर्डाला काय चालतं ते विचारून यायचे. मग आपल्या जुन्या टाइपरायटरवर त्याचा तक्ता करायचे. पहिल्या रकान्यात बोर्डाचा नंबर, दुसऱ्यात चालणारे प्रोसेसर, आणि तिसऱ्यात दोनच शब्दांपैकी एक, 'पाहिलं' किंवा 'ऐकीव'. ही भानगड कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्यानं सांगितलेलं आपल्या नावावर खपवायचं नाही."

तक्त्याची बातमी कशी पसरली कुणास ठाऊक. पाटसच्या साखर कारखान्यात कामाला असणारा एकजण घरी कॉम्प्युटर जुळवत होता. तो मदरबोर्ड टॉवेलात गुंडाळून घेऊन आला.

"सर, ह्याला नवा प्रोसेसर घ्यायचाय. हा चालंल का?" त्यानं कागदावर लिहून आणलेलं नाव दाखवलं.

सरांनी तक्ता पाहिला. "न्हाई. ह्याच्या पिनाच जास्त हायेत."

"बरं झालं आधी आलो. उद्या घ्यायलाच निघालो होतो," तो म्हणाला. त्यानं टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला आणि चालेल त्या प्रोसेसरचं नाव लिहून घेऊन गेला.

पण एकदा सर चुकले. दौंडच्या रेल्वे ऑफिसातल्या एका बाईंचा फोन आला. त्या आपल्या मुलीसाठी घरीच कॉम्प्युटर जुळवत होत्या. त्या वेळी परीक्षा चालू होती आणि सर हातात घड्याळ धरून उभे होते. त्यांनी तक्ता न बघताच सांगितलं, "चालेल." चार दिवसांनी बाईंचा पुन्हा फोन आला. पंखा फिरतोय, पडदा काळा. सरांनी तक्ता काढला. त्या ओळीपुढं 'ऐकीव' लिहिलेलं होतं.

पुण्याच्या बाईंना फोन केल्यावर उलगडा झाला. बोर्ड चालण्यासारखाच होता, पण त्याच्या आतला सुरुवातीचा प्रोग्रॅम जुना होता. त्याला नवा प्रोसेसर ओळखू येत नव्हता. आधी जुना प्रोसेसर घालून तो प्रोग्रॅम बदलायचा, मग नवा लावायचा. आमच्याकडचा जुना त्या बोर्डाला चालणार होता. सर म्हणाले, "मी चालेल म्हणालो होतो. मीच जाऊन चालवून देतो." आमचा काढून ठेवलेला जुना प्रोसेसर त्यांनी डोळ्यांच्या थेंबांच्या खोक्यात कापूस घालून ठेवला. सायबर कॅफेतून नवा प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेतला आणि मंगळवारी आम्ही दौंडची एसटी धरली.

बाई क्वार्टरच्या दारातच उभ्या होत्या. सर आत जायच्या आधीच म्हणाले, "माझ्यामुळं तुमचे चार दिवस गेले."

"अहो, त्यात काय. आधी पाणी घ्या."

"इथं लाइट कधी जाते?" सरांनी विचारलं. प्रोग्रॅम बदलत असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा जातो, हे त्यांनी मला वाटेत तीनदा सांगितलं होतं.

"गुरुवारी. आज नाही जायची."

सरांनी जुना प्रोसेसर घालून फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम सुरू केला. तरी ती दोन-तीन मिनिटं आम्ही तिघं छताच्या पंख्याकडं बघत बसलो. पंखा फिरत राहिला. काम झाल्याची ओळ पडद्यावर आली. मग नवा प्रोसेसर मी लावला, सरांनी मला लावू दिला, आणि शिट्टी वाजली.

बाईंनी कीबोर्ड पुढं ओढला आणि न बघता एक आख्खा अर्ज टाइप केला. सर त्यांच्या बोटांकडं बघतच राहिले.

"शिक्षण कुठं झालं हे?"

"सोलापूरला. इंग्रजी मिनिटाला चाळीस शब्द, मराठी तीस."

झालं. मग दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते थांबेना. कुठल्या मशिनचं कुठलं अक्षर अडकायचं, परीक्षेला कार्बन कसा सरकायचा, परीक्षक कसे कडक असायचे. त्यांची मुलगी आणि मी शेंगदाण्याचे लाडू खात ऐकत होतो. आमची साडेचारची गाडी कधीच निघून गेली होती. मी दोनदा घड्याळाकडं पाहिलं, तेव्हा सर म्हणाले, "सहाचीनं जाऊ की," आणि बाई पुन्हा चहा ठेवायला उठल्या.