मारतहळ्ळीत, तिसऱ्या मजल्यावर, एक ग्रीक नाव

भूत, दृष्ट, करणी... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तरी इथे लिहितोय, कारण घरी या विषयावर आता कुणी बोलत नाही.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे बेंगळुरूकर. माझ्या थोरल्या भावाने—अण्णाने—मारतहळ्ळीला, रिंग रोडला लागून, तिसऱ्या मजल्यावर ग्रीक रेस्टॉरंट काढायचं ठरवलं. सजावट ‘ओरिजिनल’ हवी म्हणून तिकडच्या एका बेटावरून मासेमारीची जुनी नाव मागवली. त्रेखांदिरी म्हणतात तिला. लाकडी, शिडाची, दोन्ही टोकांना निमुळती. विकणाऱ्या कोळिणीने दलालामार्फत एकच अट घातली होती: कुजू द्या, जाळा, पण हिला करवत लावू नका.

“सरी, सरी,” अण्णाने कानडीत होकार भरला.

पण अख्खी नाव तिसऱ्या मजल्यावर आत जाईना. मग अण्णाला कल्पना सुचली... फीत सगळेच कापतात, आपण नाव कापू! खाली पार्किंगमध्ये मांडव, फेटे, सनई. एका पाहुण्याच्या भाषणात ग्रीस आणि रोम ही दोन्ही एकाच देशाची नावं होती. मग अण्णाने स्वतः इलेक्ट्रिक करवत चालवली. टाळ्या पडल्या. दोन्ही तुकडे क्रेनने वर गेले. एकाचा बार होणार होता, दुसऱ्यावर बुफे.

पेढा भरवताना अण्णाला ठसका लागला. तोंडातून पाणी आलं. भळाभळा. वहिनीने पदराने पुसलं, बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

“भावजी... खारट आहे.”

हॉस्पिटलात एक्स-रे बघून डॉक्टरांनी विचारलं, “कुठल्या बीचवर बुडाले हे?”

“मारतहळ्ळीत,” मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

पाणी काढलं की छाती पुन्हा भरायची. अण्णा निळा पडत चालला होता. श्वास मिळेल तेव्हा एवढंच म्हणायचा, “जोडा तिला.” सुतारांनी वर हॉलमध्येच तुकडे जोडले. उपयोग शून्य. शेवटी ‘मला तिच्यात बसवा’ म्हणून तो हट्टालाच पेटला, तेव्हा आम्ही त्याला उचलून नावेत बसवलं—आणि खोकला थांबला.

पाय बाहेर ठेवला की पुन्हा पाणी.

रेस्टॉरंट काही उघडलं नाही. अण्णा आता नावेतच राहतो, सुकाणू धरून. वहिनी डबा देते.

मागच्या रविवारी दुपारी डबा घेऊन मी गेलो. त्याच्या तळहातांना फोड आले होते.

“मला वाटलं, जोडून दिली की माफ करेल,” तो म्हणाला. “करवतीचं दुखणं विसरत नाही रे ती.”

“तू जेव. मी धरतो स्वल्प वेळ.”

“नको. सोड ते. अरे सोड!”

नावेखाली व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, पाण्याचा थेंब नाही. तरी सुकाणूचा दांडा असा फिरला की माझं मनगट मोडलं. कशाच्या जोराने, ते मला आजही सांगता येत नाही.

प्लास्टर घालून परत गेलो, तेव्हा अण्णाने त्याकडे बघितलं.

“तुझा हात परत तरी दिला तिने,” तो म्हणाला.