एकाच अक्षरातली नऊ कार्डं

मैत्रिणींनो, आज सौंसरच्या आपल्या रेडिओ श्रोता मंडळात आवडत्या नटीच्या पुरस्कारावरून वाद झाला. मतांची पोस्टकार्डं मीच मोजली होती. नऊ कार्डांवर बाबांचं अक्षर होतं. त्याच अक्षरावर मी घरी बाराखडी गिरवली, म्हणून लगेच ओळखलं. बाबांनी एकट्यानंच नऊ मतं दिली असं वाटलं; वशिला नको म्हणून नऊही बाद केली.

दुपारी रामाकोन्याच्या शांताबाई घरी आल्या.

"काहून वं पोरी, आमची नटी सहा मतानं हारली? आम्ही नऊ जणींनी मतं देल्ली ना!"

बाबा म्हणाले, "बाया सांगून राहिल्या होत्या, मी लिहून देत होतो."

कार्डं पुन्हा काढली. प्रत्येकावर खाली वेगळ्या बाईचा अंगठा होता; मी फक्त अक्षर पाहिलं होतं.

नटीला हे कधी कळणार नाही, पण शांताबाईंना कळलं आहे. उद्या मंडळात चूक सांगणार आहे. माझ्यासोबत कोण येईल?