पाय तुमचं, हात माझं

सई आणि नील,

परवा फोनवर सई रडवेल्या आवाजात सांगत होती, की बॅलेच्या क्लासमध्ये तिचे पाय चांगले पडतात, पण हातांना बाई नावं ठेवतात. मी म्हटलं, "कोपर उचल, खांदा नको. हात पाठीतून येऊ दे." मग नीलने विचारलं, "आजी, तुला काय माहीत?" ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

लहानपणी मीही बॅले शिकले. आमच्या बाई पोलंडच्या, आणि बोलायच्या अस्सल कोल्हापुरी. दुसऱ्या महायुद्धात तिकडून आलेल्या निर्वासितांची वसाहत कोल्हापूरजवळ होती. पुढे ती उठली, माणसं देशोदेशी गेली. थोडी मागे राहिली, त्यांत बाई होत्या. मराठी त्या मंडईतल्या भाजीवाल्यांकडून शिकल्या. "मी येतो, मी बसतो" म्हणायच्या. पुण्याच्या पाहुण्यांना वाटे, परदेशी बाई चुकते आहे. चूक कसली! आमच्याकडच्या बायका तशाच बोलत.

राजारामपुरीतल्या एका खोलीत त्या आम्हा मुलींना बॅले शिकवत. पायांपेक्षा हातांवर त्यांचा जीव. हात गोल हवे असले की म्हणत, "पोटाशी घागर धर. मोठी. आता सांडू नगंस." बोटं उगाच नाचवली की ओरडत, "माश्या हाकलतीस व्हय गं?" आणि हात नुसता मनगटातून हलला, की आमच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध बोट टेकवत. "हितनं. हात हितनं निघतोय."

मी तेरा वर्षांची झाले आणि आक्कांनी, म्हणजे माझ्या आत्याने, फर्मान काढलं: परकर बंद, साडी सुरू, नाच बंद. घरात आक्कांचा शब्द शेवटचा. वडीलसुद्धा वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसत. मी जेवण सोडलं, तर आक्कांनी माझं ताट शांतपणे उचलून ठेवलं.

चार दिवस मी दिसले नाही म्हणून बाईच घरी आल्या.

"वयात आलेली पोरगी पाय वर करणार, लोक काय म्हणतील?" आक्का म्हणाल्या.

बाईंनी क्षणभर विचार केला. "बरं हाय की. पाय तुमचं, हात माझं."

आक्कांना काही कळेना.

"पाय हलायचं न्हाईत. साडीतच हुबी ऱ्हाईल. निस्तं कमरंच्या वरचं शिकवतो. तुमी बसा की समोर."

आक्का खरोखरच तांदूळ पाखडायचं सूप घेऊन पहाऱ्याला बसू लागल्या. माझ्या पदराला पिन नसे. हात वर नेताना खांदा उचलला गेला, की पदर घसरायचा. मी रडकुंडीला यायची, बाई मात्र खूश. "ह्यो पदर माझ्यापेक्षा चांगला मास्तर हाय!" काही दिवसांनी बाईंच्या आधी आक्काच ओरडू लागल्या, "पडला बघ! उचललास खांदा!" पुढे तर त्या बाईंनाच सांगत, "बाई, हात जातोय तिकडं मान जात न्हाई हिची." बाई गंभीरपणे म्हणत, "व्हय की आक्का, बराबर."

मी मॅट्रिकला असताना बाईंना त्यांच्या इंग्लंडमधल्या बहिणीने बोलावून घेतलं. त्या निरोप घ्यायला आल्या तेव्हा आक्का चहाचा कप हातातच धरून उभ्या राहिल्या.

"आता पोरीकडं कोण बघणार?"

"तुमी की. तुमास्नी समदं येतंय."

आक्का कप तसाच घेऊन आत गेल्या. माझं लग्न होईपर्यंत त्यांनी समोर बसून माझे हात करून घेतले, एकही दिवस सूट दिली नाही.

बाईंची पुन्हा भेट झाली नाही. आक्कांनी नाच बंद केला तेव्हा त्या अख्ख्या नाचासाठी हटून बसल्या असत्या, तर मला काहीच मिळालं नसतं. त्यांनी अर्धं मागितलं, ते मला पूर्ण मिळालं. त्यांनी शिकवलेले हात मला आजही ओळीने सगळे येतात. पाऊल एकही येत नाही.