नदीला द्यायचं पहिलं पीठ

लग्नाकार्यात पंगत उठली, पान तोंडात गेलं, की कुणीतरी मला म्हणतंच, "सांग ना गा, ते तुमच्या नदीकाठच्या चक्कीचं." मी आढेवेढे घेतो, पण ते अर्धा मिनिटच. बायको नेमकी तेव्हा चपला शोधायला उठते. हा इतिहास तिनं इतक्यांदा ऐकला आहे, की मी हसवायच्या आधीच ती हसून मोकळी झालेली असते.

इतिहास तसा छोटा आहे. आजोबा हातमागावर लुगडी विणायचे. मागाचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी नाग नदीच्या काठी आटाचक्की टाकली. धंदा संपायला आला की त्यात शिरायचं, ही आमच्या घराण्याची जुनी खोड. चक्की नदीकाठी का, तर तेव्हाच्या इंजिनाला थंड ठेवायला पाणी लागायचं. पण एवढ्यावर श्रोते हलत नाहीत. म्हणून माझ्या गोष्टीत नदीचं पाणी चाक फिरवतं, पुरात दगड वाहून जातात आणि आजोबा पोहत जाऊन ते परत आणतात. एकेक दगड एकट्या माणसाला उचलत नाही, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

गोष्टीतली सगळ्यात लाडकी जागा मी शेवटी ठेवतो. दळून दळून दगड गुळगुळीत होतात. मग वरचा दगड उतरवून छिन्नी-हातोडीनं त्याच्यावर पुन्हा खाचा पाडायच्या. याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लागली की आजोबा पहिली पायलीभर ज्वारी दळत आणि ते सगळं पीठ नदीत सोडत. इथे मी आवाज खाली आणतो. "नदीमायचा मान पहिला. मग माणसांचा." बायाबापड्या पदर डोळ्यांना लावतात. बाबा कोपऱ्यात बसून ऐकत असतात. त्यांनी कधी मला अडवलं नाही. खरंच असंच होतं, असं ते म्हणाले नाहीत, आणि नव्हतं असंही म्हणाले नाहीत. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा घेतला.

मी स्वतः चक्कीत कधी काम केलं नाही. माझ्या हातानं उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे कचेरीतली फाईल. बाबा मात्र ऐंशी ओलांडली तरी सकाळी चक्कीवर जायचे. गिऱ्हाईक जवळजवळ संपलंच होतं. राहिल्या होत्या मेसवाल्या काकू. त्यांच्या मेसमध्ये शिकायला आलेली पोरं जेवायची, आणि दर आठवड्याला त्यांचे गहू-ज्वारी आमच्याकडे यायचे. त्यांच्या सुनेला पाकिटातला आटा हवा होता. काकू तिला दाद देत नव्हत्या. त्या दळणावर चक्की उभी होती, आणि चक्कीवर बाबा. बाबांना सकाळी उठून जायला दुसरी जागा नव्हती.

मागच्या हिवाळ्यात काकू म्हणाल्या, "काकाजी, पीठ गरम येऊन राहिलं. जळका वास येते भाकरीले. टाकी लावा ना, नाहीतं सून मले बोलाले मोकळी."

टाकी लावणारा माणूस पूर्वी गल्लीतून हाका देत यायचा. तो यायचा बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. बाबांनी स्वतः छिन्नी धरली, तर ती दगडावर एका जागी टिकेना, थरथरत सरकायची. त्यांनी दोनदा, तीनदा करून पाहिलं. मग हातोडी माझ्याकडे दिली.

शेजारच्या दोन हमालांनी दगड आधीच उतरवून ठेवला होता. दोन दिवस मी ठोकत होतो. बाबा खुर्चीवरून सांगत होते, "उथळ. अजून. तिकडं नको, मधातून बाहेर ये." खाचा दगडावर पडल्या तेवढ्याच माझ्या अंगठ्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दगडावरून बोट फिरवलं, म्हणाले, "जमलं तुले." पन्नाशी उलटल्यावर बापाकडून हे ऐकलं आणि मला काय करू नि काय नको असं झालं.

दगड बसवला, पट्टा चढवला. बाबा जेवायला घरी निघाले. दारातून म्हणाले, "पहिलं नदीले दे गा."

"देतो," मी म्हणालो.

मी मागच्या दारात येऊन नदीकडे पाहिलं. काळं पाणी, पिशव्या, एक फुटका माठ. या गटाराला चांगली ज्वारी वाहायची? आजोबांची श्रद्धा आजोबांबरोबर गेली, असं मी स्वतःलाच सुनावलं आणि काकूंची ज्वारी थेट वरच्या पेटीत ओतली. कापडी सोंडेतून पीठ छान थंड पडत होतं. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "दिलं ना?" मी म्हणालो, "दिलं."

दोन दिवसांनी काकू आल्या. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. आवाज चढवला नाही त्यांनी. "काकाजी, पोट्ट्यांनी ताटं तशीच ठेवली. एक म्हणे, काकू, आज वाळूची भाकर केली का?"

बाबांनी तुकडा मोडून तोंडात घातला. कचकच मला उभ्या जागी ऐकू आली. टाकी लागल्यावर खाचांमधून दगडाचा चुरा सुटतो. पहिली पायली तो धुऊन काढते, म्हणून ते पीठ फेकायचं. माणसांना नको, गाईलाही नको, म्हणून नदीत. एवढंच होतं ते. त्या आवाजातच मला कळलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांनाही कळलं. तो घास त्यांनी थुंकला नाही, गिळला.

"माह्याच हातून झालं वं," ते काकूंना म्हणाले. "पहिलं पीठ काढाचं राहून गेलं. विसरलो मी."

मी बोलायला हवं होतं. कुठल्याही मांडवात अर्धा तास बोलणारा माणूस मी. मी सोंडेवरचं पीठ झटकत राहिलो.

काकूंचा चेहरा मऊ झाला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "जाऊ द्या काकाजी. वय झालं आता तुमचं. काहून एवढा त्रास करून घेता?" त्यांनी फडकं घडी करून कमरेला खोचलं. पुढच्या आठवड्यात त्यांचं दळण आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महिनाभर बाबा रिकाम्या चक्कीत जाऊन बसत, मग तेही थांबलं. दगड आत तसेच आहेत. माझ्या खाचा अजून धारदार असतील, त्यांच्यावर नंतर दळलंय कुठे काही.

परवा भाचीच्या लग्नात पंगत उठली आणि फर्माईश झालीच. मी म्हणालो, आज घसा बसलाय. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाबा म्हणाले, "सांग ना गा. ते नदीचं सांग."

त्यांच्याकडे न बघता मी सांगितलं. आवाज खाली आणायच्या जागी तो आपोआपच खाली गेला. बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावले. बायको या वेळी चपला शोधायला उठली नाही.