नवरीनं चाकात हात घातला

स्प्रिंगचाचा कुणाच्याही उभ्या गाडीच्या चाकात हात घालत. विचारणं नाही, सलाम नाही. पांढरकवड्याला हायवेवर माझं टायरचं दुकान, त्याला लागून त्यांचं गॅरेज. एकदा एक मोठे साहेब चहाला थांबले, तर हा माणूस त्यांच्या गाडीशी उकिडवा बसून टायर आणि मडगार्डच्या मधे बोटं खुपसतोय! साहेबांचा ड्रायव्हर धावून आला. चाचांनी उलट त्यालाच झापलं, "मांगं माणसं बसली का घासत असन हे. पाहून तं घे!"

कापसाच्या भावानं सगळ्यांना झोपवलं होतं, ती वर्षं. ज्याच्याकडे गाडी तो पोटासाठी ती सवाऱ्यांनी भरभरून वाकवायचा आणि बाकीचे मिस्त्री ती उंच करून द्यायचे. चाचांचं उलटं. शौकीन पोरांच्या गाड्या ते खाली बसवून द्यायचे, पण रीतीनं. त्या गाडीसाठीच बनवलेल्या आखूड, कडक स्प्रिंगा नागपूरहून मागवायच्या, जुन्या स्प्रिंगा शिकंज्यात दाबून काढायच्या, नव्या बसवून चाकं सरळ करून घ्यायची. मग चौकातली माणसं आत कोंबायची, गाडी गतिरोधकावरून न्यायची आणि पुन्हा बोटं. "बोटं गेली तं गाडी, नाही तं जनाजा," म्हणायचे. जरा शुभ बोला म्हटलं की मलाच शिव्या.

गॅसनं स्प्रिंग कापून द्या, असं कुणी म्हटलं की चाचा पेटलेच. "आग लावली का तिचं पाणी उतरते, नरम पडते बे! खड्ड्यात जागा सोडन, मंग तू कुठं अन् चाक कुठं?" गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर. बायको लवकर वारली. एकुलती नसरीन त्या गॅरेजातच पान्हे देत वाढली आणि गाडी चालवायलाही तिथंच शिकली.

तिचं लग्न यवतमाळच्या घरी ठरलं, मांडव गॅरेजासमोरच पडला. जावई भला पोरगा, सासऱ्यांचा शौक ऐकून होता. त्यांना खूश करायचं म्हणून त्यानं घाईघाईनं आपली गाडी खाली करून आणली. फुलांनी सजलेली, जमिनीला टेकलेली ती गाडी पाहून पाहुणे वा वा करत होते. रुखसतीची, म्हणजे मुलीला सासरी धाडायची वेळ झाली. चाचा रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होते. गाडीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

आणि नवरी गाडीच्या दाराशीच थांबली. ओढणी सावरून खाली वाकली आणि मेंदीचा हात तिनं सरळ चाकात घातला. बोटं आत जाईनात. तिनं आणखी वाकून पाहिलं. "अब्बा, स्प्रिंग कापेल हाय."

नसरीनचे सासरे लाल झाले. "ही काय तऱ्हा झाली?" वरात आता तशीच परत जाते की काय! चाचांनी डोळे पुसले, स्वतः हात घातला, उठले. आता भडकणार म्हणून मी आवरायला सरसावलो. तर काय सांगू, त्या माणसानं व्याह्यांपुढं हात जोडले आणि पोरीला म्हणाले, "बस बेटा. हळू नेतीन ते."

माझा कानांवर विश्वास बसेना. चाचा? आणि हे?

नसरीन रडत होती, पण आवाज बापाचाच. "गिऱ्हाइकाच्या पोरीले बसू देलं असतं का तुमी?"

चाचांनी गॅरेजात जाऊन आपली लाल गाडी बाहेर काढली. कुणी नुसतं टेकलेलं त्यांना खपत नसे, ती गाडी! किल्ली जावयापुढं धरली. पोरगा शरमेनं पांढराफटक. "अब्बा, मले मालूम नोतं. तुमाले आवडन म्हणून केलं..." आणि किल्ली त्यानं नसरीनच्या हातात दिली. "हिलेच ठाऊक हे गाडी."

अहो, नवरी स्टीअरिंगवर, नवरा शेजारी, फुगलेले सासू-सासरे मागं! असली रुखसत मी जन्मात पाहिली नव्हती. चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी आठवलं की माझा आ वासतोच.

सगळे बसल्यावर चाचा वाकले आणि चाकात बोटं घातली. बोटं गेली, चांगली मोकळी गेली. पण ते हात काढेनात. तसेच बसून राहिले. नसरीननं इंजिन सुरू केलं होतं, पण ती गाडी हलवेना. शेवटी मीच त्यांचं मनगट धरून हात बाहेर ओढला.