काळ्या दगडाच्या मुलखात, सुनेबरोबर

मेहकरच्या स्टँडवर एसटीच्या टपावरून सायकली उतरवून घेतल्या तेव्हा नुकतं उजाडलं होतं. खाली उभ्या असलेल्या हमालानं माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि मग सायकलीकडे पाहिलं.

"काका, या वयात सायकल काऊन (का)? घरी गाडी नाही काय?"

"आहे. पण गाडीतून काही दिसत नाही."

"इथं काय दिसते? दगडं!" असं म्हणून तो हसत दुसऱ्या बसकडे गेला.

दगड बघायलाच आम्ही आलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी सून केतकी. माझा मुलगा निखिल तीन वर्षांपूर्वी रक्ताच्या आजारानं गेला. त्याची आई त्याच्याही आधी गेली होती, त्यामुळे नाशिकच्या घरात आम्ही दोघंच उरलो. कितीतरी महिने आमच्यात जेवणाखाण्यापलीकडे बोलणं होत नव्हतं. एका रविवारी केतकीनं निखिलची सायकल काढली, पुसली आणि म्हणाली, "बाबा, येता का?" मी भाड्यानं एक सायकल घेतली. गंगापूर धरणापर्यंत गेलो, आणि परतताना पहिल्यांदा निखिलबद्दल बोललो. तेव्हापासून दर हिवाळ्यात कुठल्यातरी शांत रस्त्यांवर जायचं, हे ठरूनच गेलं.

मोठा रस्ता सोडून आम्ही गावांमधून लोणारकडे निघालो. वाहन म्हणावं तर अधूनमधून एखादा ट्रॅक्टर. दोन्ही बाजूंना वेचणी होत आलेला कापूस, तूर, मध्येच हरभऱ्याचे हिरवे पट्टे. जमीन सपाट आहे असं वाटतं. सायकलीवर बसलं की तिचे चढउतार मांड्यांना कळतात. एका ठिकाणी रस्त्यासाठी टेकडी कापली होती. वर काळा कातळ, खाली काळा कातळ आणि दोहोंच्या मध्ये हातभर जाडीचा लालभडक मातीचा थर. केतकी थांबली.

"हे असं काय मध्येच?"

भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला. मी सांगितलं, की हा सगळा मुलूख लाव्ह्याचा आहे. एक लोट येऊन थंड झाला, त्यावर माती तयार झाली, गवत उगवलं असेल, आणि मग दुसरा लोट आला. त्याच्या आचेनं ती माती भाजून लाल झाली. ती त्या थरावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. एरवी ती पुढचे दहा प्रश्न विचारते. त्या दिवशी एकही विचारला नाही.

दुपारी एका टपरीवर ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा खाल्ला. संध्याकाळी लोणारला मुक्काम केला.

सकाळी सरोवराच्या काठावर गेलो. हा ज्वालामुखी नव्हे. याच काळ्या दगडावर आभाळातून उल्का आदळली आणि हा खळगा झाला. खाली दाट झाडी, झाडीच्या वेढ्यात हिरवट पाणी, आणि कुठूनतरी मोरांचं ओरडणं वर येत होतं. तिथे केतकी म्हणाली, "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. नाशिकहून निघाल्यापासून धीर होत नाहीये."

नागपूरचा समीर तिच्या कामातला सहकारी. फोनवर त्याचं नाव मी ऐकलं होतं. ते दोघं फेब्रुवारीत लग्न करणार होते. ती नागपूरला जाणार होती.

"तुम्ही याल ना?" तिनं विचारलं.

आनंद झाला असं म्हणायला हवं, हे मला कळत होतं. तोंडातून आलं ते, "ऊन चढायच्या आत निघू या."

बीबी गावाच्या रस्त्याला मी पुढे झालो आणि वेग कमी केला नाही. मागून तिनं दोनदा हाक मारली. राग तिचा येत नव्हता. मग कुणाचा येत होता, ते मला आजही सांगता येणार नाही. एका उतारावर मुरूम पसरला होता. पुढचं चाक घसरलं आणि मी सायकलीसकट आडवा झालो. गुडघा आणि तळहात सोलून निघाले.

शेजारच्या हरभऱ्यातून एक बाई धावत आल्या. मागून केतकी आली ती रडतच. बाईंनी मला धरून धुऱ्यावर (बांधावर) बसवलं.

"लई लागलं काय हो भाऊ? थांबा, पानी घ्या."

त्यांचं नाव गयाबाई. शेताच्या कडेला काटक्या पेटवून त्या हुळा (हरभऱ्याचे हिरवे घाटे) भाजत होत्या. केतकीनं माझी जखम धुऊन पट्टी बांधली आणि गयाबाईंनी गरम हुळा आमच्या पुढ्यात ओतला. बोटं काळी करत आम्ही खाऊ लागलो.

"पोरगी काय तुमची?"

"सून."

"अन् पोरगा नाही आला?"

मी पुढचा घाटा सोलायला घेतला. केतकीच म्हणाली, "तो गेला, मावशी. तीन वर्षं झाली."

गयाबाईंचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माय माय! एवढीशी त हायेस. मंग आता तुले कोन?"

केतकी खाली बघत राहिली. ती स्वतःहून सांगणार नाही, हे मला दिसत होतं. माझ्यासमोर तिला ते सांगताच येणार नव्हतं.

"लग्न ठरलंय तिचं," मी म्हणालो. "फेब्रुवारीत. मुलगा नागपूरचा आहे."

"बरं झालं," गयाबाई म्हणाल्या. "लग्नाले तुम्ही जासान ना?"

"जाईन तर. तिच्या बाजूनं मी नको का?"

केतकीनं चेहरा ओढणीत लपवला. गयाबाई उठून निखाऱ्यांशी काहीतरी करत बसल्या, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. तळहाताची आग होत होती.

बीबीला चहा घेतला आणि माझा गुडघा सुजल्यामुळे मेहकरला टेम्पोतून परतलो. केतकी तिथूनच, तिची सायकल टपावर टाकून, नागपूरच्या बसनं जाणार होती. समीरच्या आईवडिलांना भेटायचं होतं. बस सुटेपर्यंत ती मला गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगत होती. मी सगळ्याला मान हलवली.

रात्रभराच्या प्रवासात मी स्वतःला विचारत होतो, की मी खरं बोललो का. लग्नाला जाईन, हे खरं होतं. तिनं जाऊ नये असं वाटत होतं, तेही खरं होतं. दोन्ही घेऊनच मी नाशिकला उतरलो.

खालच्या मजल्यावरच्या काकू दारात भेटल्या. "एकटेच? केतकी कुठंय?"

"नागपूरला. लग्न आहे तिचं."

मी सायकल उचलून जिना चढू लागलो. मधल्या वळणावर हँडल कठड्यात अडकलं. पुढं होईना, मागं येईना. तेव्हा लक्षात आलं, पुढचं चाक नेहमी केतकी धरायची. मी तिथेच पायरीवर बसलो.